शेवटचा राउंड का बसत नाही? स्पर्धेच्या पिस्तुलाच्या मॅगझिनची पायरीवार तपासणी

मॅगझिनच्या खोक्यावर २० लिहिलेलं असतं, आत १९ राउंड (काडतुसं) जातात आणि विसावा अंगठा सोलून काढतो. किंवा विसावाही जातो, पण बंद स्लाइडखाली (स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) मॅगझिन वर चढून अडकत नाही. तळहाताने ठोकलं तरी पळताना निसटून पायाशी पडतं. नवीन नेमबाज या दोन्हींना एकच नाव देतात, 'कपॅसिटी कमी पडते', आणि लगेच नवीन स्प्रिंग नाहीतर मोठा बेसपॅड (मॅगझिनच्या तळाचं झाकण) मागवतात. पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो, कारण तो कुठे आहे हे कुणी पाहिलेलंच नसतं.

या लेखात मी कपॅसिटी हा शब्द एकाच अर्थाने वापरणार आहे: जितके राउंड भरून मॅगझिन बंद स्लाइडखाली साध्या दाबाने बसतं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक राउंड चेंबरमध्ये, म्हणजे झाडण्याआधी तो जिथे बसतो त्या जागी, पोचतो, तो आकडा. त्यापुढे कोंबलेला एखादा राउंड मी मोजत नाही. खालच्या पायऱ्या स्वस्त आणि उलटवता येणाऱ्या गोष्टींपासून सुरू होऊन महागड्या आणि न उलटणाऱ्या गोष्टींकडे जातात. क्रम मोडू नका. कानस किंवा पक्कड हातात घेण्याची पाळी फार कमी मॅगझिनवर येते.

१. आधी आकडा ठरवा: कायदा आणि डिव्हिजन

तुम्हाला नेमके किती राउंड हवेत हे तुमच्या हौसेवर नाही, दोन कागदांवर ठरतं.

पहिला कागद कायद्याचा. कॅनडात पिस्तुलाच्या मॅगझिनची मर्यादा साधारणपणे १० आहे, कॅलिफोर्नियातही १०. युरोपीय संघाच्या २०१७ च्या निर्देशात पिस्तुलासाठी २० राउंडांच्या वरच्या मॅगझिनवर वेगळी बंधनं आली. अशा ठिकाणी विकल्या जाणाऱ्या मॅगझिनमध्ये रिव्हेट, अडणी किंवा मॅगझिनच्या नळीला दिलेली खाच असते आणि म्हणून मर्यादेच्या पुढे राउंड जात नाही. तो दोष नाही. त्याला हात लावायचा नाही. इथून पुढचं काहीही त्या मॅगझिनसाठी लिहिलेलं नाही.

दुसरा कागद तुमच्या डिव्हिजनच्या, म्हणजे स्पर्धेतल्या गटाच्या, नियमांचा, तोही चालू वर्षाचा. आयपीएससीच्या (प्रॅक्टिकल शूटिंगची आंतरराष्ट्रीय संघटना) प्रॉडक्शन डिव्हिजनमध्ये स्टार्ट सिग्नलच्या वेळी मॅगझिनमध्ये जास्तीत जास्त १५ राउंड चालतात. तुमच्या मॅगझिनमध्ये १७ मावत असतील तर तुमची अडचण उलटी आहे: चुकून सोळावा भरला जाणं. क्लासिकमध्ये मेजरला (जास्त जोराचा दारूगोळा) ८, मायनरला (कमी जोराचा) १०. ओपनमध्ये आकड्यावर मर्यादा नाही, पण मॅगझिनची लांबी जास्तीत जास्त १७० मिमी. स्टँडर्डमध्ये मॅगझिन लावलेलं पिस्तूल २२५ × १५० × ४५ मिमीच्या पेटीत बसावं लागतं. यूएसपीएसए या अमेरिकी संघटनेचे गेज, म्हणजे मॅगझिनची लांबी तपासायचे साचे, १४१.२५ आणि १७१.२५ मिमीचे.

अजून एक हिशेब करून ठेवा. आयपीएससीत शॉर्ट कोर्स (कोर्स म्हणजे सामन्यातली एक स्टेज) १२ राउंडांपर्यंत, मीडियम २४ पर्यंत आणि लाँग ३२ पर्यंत असतो. ३२ च्या स्टेजवर २० राउंडवाल्याला एकदा मॅगझिन बदलावं लागतं आणि २१ वाल्यालाही एकदाच. म्हणजे त्या एकविसाव्यासाठी जीव टाकण्याआधी तो कुठल्या स्टेजवर तुमचा वेळ वाचवतो ते बघा. मीडियम कोर्सवर २३ आणि २४ मध्ये मात्र खरा फरक पडू शकतो.

२. साहित्य जमवा

- मॅगझिन भरेल इतके डमी राउंड. पाच-सहावर भागत नाही, पूर्ण रास लागते.
- कॅलिपर, शक्यतो आतलं माप घेता येणारा.
- मॅगझिनचा ब्रश, कोरडं फडकं, बेसपॅडची खीळ दाबायला बोथट टोकाचं हत्यार.
- डोळ्यांचा चष्मा. बेसपॅड सरकताच स्प्रिंग उडते, आणि ती नेहमी चेहऱ्याकडेच उडते.
- कायम राहणारा मार्कर आणि एक वही.
- डिव्हिजनमध्ये लांबीची मर्यादा असेल तर गेज. क्लबकडे असतो, मागून घ्या.
- त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची एक नवी स्प्रिंग, फक्त तुलनेसाठी.

कागदपत्रं म्हणाल तर मॅगझिन, स्प्रिंग आणि बेसपॅड यांच्यासोबत आलेली माहितीपत्रकं टाकू नका. कुठला बेसपॅड कुठल्या स्प्रिंगबरोबर किती राउंडांसाठी आहे हे तिथेच लिहिलेलं असतं, आणि निम्म्या तक्रारी तेवढं वाचून मिटतात.

३. टेबल मोकळं करा, मॅगझिनला क्रमांक द्या

पिस्तूल रिकामं करा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, खरा दारूगोळा दुसऱ्या खोलीत ठेवा. डमी आणि खरे राउंड एकाच टेबलावर कधीच नकोत. सामन्याच्या ठिकाणी हे काम करायचं असेल तर लक्षात ठेवा: सेफ्टी एरियामध्ये (रिकामं पिस्तूल हाताळायची राखून ठेवलेली जागा) दारूगोळा हाताळायला बंदी आहे आणि त्यात डमीही आल्या. तिथे मॅगझिन भरून पाहिलंत तर सामना तिथेच संपतो.

आता प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक लिहा, नळीवर आणि बेसपॅडवर दोन्हीकडे. मग वहीत प्रत्येकासमोर चार गोष्टी: किती राउंड आत जातात, भरलेलं मॅगझिन बंद स्लाइडखाली बसतं का, गेजमध्ये जातं का, आणि मागे कधी अडलं असेल तर कितव्या राउंडला. क्रमांक नसलेल्या मॅगझिनचा दोष शोधणं म्हणजे अंधारात मांजर मोजणं.

४. तक्रार नेमकी कोणती ते ओळखा

डमी भरा आणि मोजत जा.

राउंड आतच जात नसेल तर जागा खरोखर कमी आहे. घाण, चुकीची स्प्रिंग, चुकीचा फॉलोअर (स्प्रिंगवर बसून राउंड वर ढकलणारा तुकडा) किंवा दबलेली नळी, यांपैकी काहीतरी.

राउंड आत जातो पण मॅगझिन बसत नसेल तर वर मोकळीक नाही. भरलेल्या मॅगझिनच्या सर्वांत वरच्या राउंडवर अंगठा दाबा. तो राउंडच्या जाडीच्या पाव भागाइतका, म्हणजे अडीच मिमीच्या आसपास तरी, खाली गेला पाहिजे. बंद स्लाइडचा तळ वरच्या राउंडला तेवढा खाली ढकलतो. त्याला जायला जागाच नसेल तर मॅगझिन कॅचपर्यंत, म्हणजे त्याला धरणाऱ्या खटक्यापर्यंत, पोचणार कसं? नवशिक्यांच्या बहुतेक तक्रारी याच गटातल्या असतात.

बसतं, पण पहिला राउंड अडतो किंवा शेवटचे दोन-तीन नाक खाली घालतात, अशी तक्रार असेल तर जागा पुरेशी आहे, स्प्रिंगचा जोर किंवा फॉलोअरचा कोन बिघडलाय.

सगळं व्यवस्थित, पण गेजमध्ये जात नाही? मग फक्त बेसपॅड बघायचा. थेट आठव्या पायरीवर जा.

५. उघडा, साफ करा, फॉलोअर सोडून बघा

उघडण्याआधी फोटो काढा. स्प्रिंगची वरची कडी कुठल्या बाजूला उतरती होती, फॉलोअरचं तोंड कुठे होतं, हे पाच मिनिटांनी आठवत नाही. उलटी घातलेली स्प्रिंग पहिले दहा-बारा राउंड गुमान घेते, आणि मग अडते.

नळी ब्रशने आतून घासा. न जळलेली पावडर, माती, शिशाचा आणि मेणाचा थर मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात जमतो. तेल लावू नका. तेलावर धूळ बसते आणि पुढच्या सामन्यात तीच तुम्हाला एक राउंड महाग पडते. मॅगझिन कोरडं चांगलं.

आता नुसता फॉलोअर, स्प्रिंगशिवाय, नळीत खालून घालून वर-खाली सोडा. तो स्वतःच्या वजनाने, कुठेही न अडखळता घरंगळला पाहिजे. जिथे थांबतो तिथे खूण करा. तिथे आतून पोचा, वेल्डचा उंचवटा किंवा दबलेली भिंत असते. मॅगझिन बदलताना रिकामं मॅगझिन दगड-काँक्रीटवर पडतं, कधी पाय पडतो. नळीला पोचा येण्याचं मुख्य कारण तेच. या एका चाचणीला दोन मिनिटं लागतात आणि तरी ती करणारे मला फार कमी भेटतात.

६. राउंडकडे संशयाने बघा

मॅगझिनला दोष देण्याआधी आत काय घालताय ते मोजा. ९ मिमी पॅराबेलमची प्रमाण कमाल लांबी २९.६९ मिमी. स्वतः काडतुसं तयार करणारे काही नेमबाज पुढून-मागे लांब मॅगझिनच्या पिस्तुलांसाठी ती त्याहून लांब करतात. त्या मॅगझिनमध्ये ते चालतं, पण दुसऱ्या मॅगझिनच्या पुढच्या भिंतीला गोळीचं टोक घासतं आणि रास नीट दबत नाही. भिंतीवर आतून चकचकीत ओरखडे दिसले तर समजा लांबी जास्त आहे.

.३८ सुपर काडतूस वापरणाऱ्यांनी रिमकडे, म्हणजे काडतुसाच्या तळाच्या कडेकडे, बघा. त्याची रिम १०.३१ मिमी आणि तळाजवळचं अंग ९.७५ मिमी, म्हणजे रिम किंचित बाहेर आलेली. राउंड भरताना वरची रिम खालच्या रिमच्या मागे अडकली की रास तिथेच गोठते. .३८ सुपर कॉम्प हे जवळजवळ रिमशिवायचं काडतूस लोकप्रिय झालं त्यामागे हे एक कारण आहेच. .२२ मध्ये तर रिम पुरती बाहेर असते, त्यामुळे प्रत्येक राउंड पुढच्या बाजूने घालून मागे सरकवायचा, वरून दाबायचा नाही.

७. स्प्रिंग: जोर आणि जागा यांचं भांडण

स्प्रिंग पूर्ण दाबली तरी ती काही जागा खातेच. ती किती, ते सोपं आहे: कड्यांची संख्या गुणिले तारेची जाडी. समजा १३ कड्या आणि तार १.२ मिमी, तर १५.६ मिमी. याहून खाली ती कोणीच दाबू शकत नाही. नळीच्या आतल्या लांबीतून, बेसपॅडच्या पोकळीसह, राउंडांच्या राशीची उंची आणि फॉलोअरची उंची वजा करा. जे उरेल ते या १५.६ हून निदान अडीच मिमी जास्त हवं. तीच चौथ्या पायरीतली मोकळीक. फॉलोअर खालून पोकळ असेल तर वरच्या एक-दोन कड्या त्याच्या आत जातात, ते धरून मोजा.

उरलेली जागा कमी भरली तर तुमच्याकडे जास्त कड्यांची स्प्रिंग आहे. बऱ्याचदा मूळ लहान मॅगझिनची स्प्रिंग काढून लांब बेसपॅडची लावलेली असते आणि बेसपॅड मात्र जुनाच राहिलेला असतो.

कडी कापायची का? नेमबाजांमध्ये हा सल्ला फार सहज दिला जातो. एक कडी कापली की तारेच्या जाडीइतकी, म्हणजे मिमी-सव्वा मिमी जागा मिळते आणि न दाबलेल्या स्प्रिंगची लांबी कितीतरी जास्त घटते. परिणाम दिसतो तो शेवटच्या राउंडांवर, जिथे स्प्रिंग सर्वांत ढिली असते: स्लाइड पुढे येऊन जाते आणि राउंड अजून वर आलेलाच नसतो. माझं मत स्पष्ट आहे. कमी कड्यांची, त्याच कामासाठी बनवलेली स्प्रिंग विकत घ्या आणि कापाकापी सोडून द्या.

जुनी आणि नवी स्प्रिंग शेजारी उभी करा. जुनी थोडी आखूड असणारच. नवी स्प्रिंग पहिल्या काही दिवसांत थोडी बसते आणि मग स्थिरावते. त्यामुळे नव्या मॅगझिनमध्ये शेवटचा राउंड कडक जात असेल तर घाई करू नका. एक राउंड कमी भरून काही दिवस ठेवा, मग पुन्हा बघा. बरीच मॅगझिनं एवढ्यानेच सरळ होतात. स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्याने फारशी मरत नाही, वारंवार दाबून-सोडून थकते. मात्र कड्या एकमेकींना टेकेपर्यंत दाबली जाणारी स्प्रिंग, म्हणजे एक राउंड जास्त घेणारी मांडणी, लवकर बसते. ती मांडणी वापरणाऱ्याने दर हंगामाला नवी स्प्रिंग धरूनच चालावं.

८. फॉलोअर आणि बेसपॅड

एका कंपनीचा फॉलोअर, दुसरीची स्प्रिंग, तिसरीचा बेसपॅड: सगळे भाग चांगले, मॅगझिन बंद. उंच पायांचा फॉलोअर नळीत डुलत नाही पण जागा खातो. आखूड पायांचा जागा देतो पण पुढे-मागे डुलतो. यातला समतोल साधलेले स्प्रिंग-फॉलोअरचे जोड एकत्र मिळतात. जोडच घ्या.

काही फॉलोअर शेवटच्या राउंडनंतर स्लाइड मागे अडवतात, काही अडवत नाहीत. न अडवणारा फॉलोअर लावलात आणि स्लाइड पुढेच राहिली तर तो बिघाड नव्हे. उलट, आत एक राउंड असतानाच स्लाइड मागे अडत असेल तर फॉलोअरचा कान किंवा गोळीचं टोक स्लाइड स्टॉपला (स्लाइड मागे अडवणारा खटका) लागतंय. त्याचा कपॅसिटीशी संबंध नाही.

बेसपॅडमध्ये तीन गोष्टी बघा. आतली पट्टी उलटी बसलीय का. स्प्रिंगची खालची कडी पट्टीवर सपाट टेकते की कोपऱ्यात चढलीय. आणि बेसपॅड नळीच्या कडेवर शेवटपर्यंत सरकला आहे का. गेजमध्ये मॅगझिन जात नसेल तर कारण बहुधा तिसरंच. तरीही जात नसेल तर बेसपॅडची बाहेरची बाजू घासण्याआधी त्या आकाराचा दुसरा लावून बघा. आणि गेजची चाचणी मॅगझिन भरलेलं असताना करा; राशीच्या दाबाने सैल बेसपॅड थोडा खाली येतो आणि रिकामं पास झालेलं मॅगझिन तपासणीत नापास होतं.

९. नळीची रुंदी आणि फीड लिप्स

इथवर सगळं ठीक असेल तरच इथे या.

दोन रांगांच्या मॅगझिनमध्ये राउंड एकाआड एक डावी-उजवीकडे टेकत वर जातात. नळी रुंद असेल तर ते एकमेकांत जास्त रुततात आणि रास बुटकी होते. अरुंद असेल तर रास उंच होते. फरक किती पडतो? ९ मिमीच्या काडतुसाचा तळ ९.९३ मिमीचा. आतली रुंदी १५.५ मिमी धरली तर प्रत्येक राउंडमागे रास ८.२२ मिमी चढते, १६ धरली तर ७.८६. वीस राउंडांत हा फरक ७ मिमीवर जातो, म्हणजे जवळजवळ एक अख्खा राउंड. अर्ध्या मिलिमीटरची ही किंमत आहे.

म्हणूनच 'मॅगझिन ग्रिपमधून सुटून पडत नाही' म्हणून कुणी नळी व्हाइसमध्ये दाबली असेल तर त्याने नकळत तुमचा एक राउंड खाल्लेला असतो. वापरलेली मॅगझिनं विकत घेताना हे मोजाच. त्याच मॉडेलच्या नव्या नळीशी तीन ठिकाणी तुलना करा: वर, मध्ये, खाली. उलट करून नळी फुगवली तर ती ग्रिपमध्ये अडकते. हे काम बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं आहे, घरच्या टेबलावरचं नाही.

९ मिमीची अजून एक खोड. काडतूस तळाशी ९.९३ आणि तोंडाशी ९.६५ मिमी, म्हणजे निमुळतं. त्यामुळे सरळ नळीत रास जसजशी वाढते तसतशी पुढून खाली झुकते. लांब मॅगझिनमध्ये राउंड नाक खाली घालतात त्याचं मूळ इथे आहे, आणि चांगल्या फॉलोअरला पुढे उंचवटा का असतो तेही.

फीड लिप्स, म्हणजे वरच्या राउंडला धरून ठेवणाऱ्या नळीच्या तोंडाच्या कडा, कॅलिपरने पुढे आणि मागे मोजा, कंपनीच्या आकड्याशी ताडा. ताणल्या असतील तर राउंड उंच बसतो, बंद स्लाइडला आधीच टेकतो आणि मॅगझिन चढत नाही. दिसायला कपॅसिटीची तक्रार, प्रत्यक्षात लिप्सची. जवळ आल्या असतील तर राउंड खोल बसतो आणि स्लाइड वरून निघून जाते. वाकवायचं खास हत्यार मिळतं, पण एकदा वाकवलेलं पोलाद परत वाकवू नका. लिप्सच्या मागच्या कोपऱ्यात केसाएवढी भेग दिसली तर ते मॅगझिन सामन्याला न्यायचं नाही.

१०. चाचणी: एका वेळी एकच बदल

स्प्रिंग आणि फॉलोअर एकदम बदललेत तर कुणामुळे सुधारलं ते कळणार नाही. एक बदला, डमी भरा, बंद स्लाइडखाली बसवा, हाताने स्लाइड चालवून सगळे बाहेर काढा, वहीत लिहा. मग पुढचा.

डमीवर पास झालेलं मॅगझिन सरावाच्या दिवशी खऱ्या राउंडांवर बघा. पूर्ण भरून बंद स्लाइडखाली बसवा आणि पहिले दोन झाडा. मग शेवटचे चार वेगाने झाडा, कारण ढिली स्प्रिंग वेगातच उघडी पडते. हेच एका हाताने करा. सैल मनगटाने स्लाइडचा वेग बदलतो आणि काठावरचं मॅगझिन तिथे अडतं. साफ मॅगझिनवर एकदा, मातीत पाडून झटकलेल्यावर एकदा.

स्टेजच्या सुरुवातीला चेंबर भरण्यासाठी वेगळं, एक-दोन राउंडांचं मॅगझिन वापरायची सवय लावा. त्याने चेंबर भरायचं, मग पूर्ण भरलेलं मॅगझिन लावून खाली खेचून बघायचं. खाली खेचणं विसरू नका. अर्धवट चढलेलं मॅगझिन कानाला 'खट्' असा बसल्यासारखाच आवाज देतं.

दोनदा दुरुस्त करूनही एखादं मॅगझिन त्याच राउंडला अडत असेल तर त्याच्या बेसपॅडवर लाल खूण करा आणि ते सरावाच्या पिशवीत टाका. त्याची स्प्रिंग आणि फॉलोअर काढून चांगल्या मॅगझिनमध्ये मात्र बसवू नका, निदान दोष नळीचाच होता हे ठरेपर्यंत तरी.